प्रॉम्प्टरची प्रवेशिका

व्हिज्युअल नॉव्हेल, म्हणजे कॉम्प्युटरवर वाचायची चित्रमय गोष्ट, हा खेळ म्हणायचा की पुस्तक, यावर जगात कुठे कुठे डोकी फुटली असतील ती असोत. जयपुरात हा वाद जगतपुऱ्यातल्या एका फ्लॅटमध्ये जन्माला आला आणि त्याचा पहिला धक्का बसला तो रिटायर्ड स्टेशन मास्तर संभाजीरावांना. तोपर्यंत त्यांचा कुठल्याही खेळाशी संबंध आला नव्हता. ऐन उमेदीतही ते पत्ते खेळले नाहीत. स्टेशन मास्तरनं पत्ते कुटत बसलं की गाडी सिग्नलला उभी राहते, असा त्यांचा समज होता, आणि तो समज त्यांनी निवृत्त झाल्यावरही सोडला नाही.

झालं असं, की एका रविवारी सकाळी त्यांची लेक शर्वरी लॅपटॉप घेऊन बाहेरच्या खोलीत आली आणि म्हणाली, "बाबा, गेम पूर्ण झाला. आईवाला."

संभाजीरावांनी हातातलं वर्तमानपत्र खाली ठेवलं. "आईवाला म्हंजी?"

"मतलब, आई आहे ना त्यात. आम्ही दोघींनी बनवलेला."

त्यांची बायको मालन जाऊन अजून वर्ष व्हायचं होतं. घरात तिचा फोटो लावायचाही संभाजीरावांना धीर झाला नव्हता. फोटो लावला की गोष्ट पक्की होते, असं त्यांना वाटे. आणि इथं पोटची पोर सांगत होती, की मी आईचा गेम केला. मोबाइलवर पोरं गोळ्या झाडतात, उड्या मारतात, रंगीत मिठाया फोडतात, एवढंच त्यांनी 'गेम' या नावाखाली पाहिलं होतं. यातलं नेमकं काय मालनला करायला लावलंय?

"आईवर गेम केलास व्हय? लाज न्हाई वाटली?"

शर्वरीनं लॅपटॉप त्यांच्यासमोर ठेवला आणि ती आत निघून गेली. ही तिची पद्धत आईकडून आलेली होती.

संभाजीरावांनी मग काय केलं, तर आधी आवाज बंद केला. ते बटण त्यांना बरोबर ठाऊक होतं. लॅपटॉपचा आवाज कानाच्या यंत्रात खरखरतो, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. खरी गोष्ट अशी, की मालनचा आवाज कुठूनही, कसाही आला तर आपण उभे राहू शकणार नाही, हे त्यांना माहीत होतं. फोनमधले तिचे जुने निरोप त्यांनी पुसलेही नव्हते आणि ऐकलेही नव्हते. तेव्हा आवाज बंद करून, चष्मा लावून, ते गेम वाचायला बसले.

आणि पाहतात तो काय, यात गोळी नाही, उडी नाही, मिठाई नाही. जयपूरच्या मराठी मंडळाच्या सभागृहाचा रंगमंच चितारलेला. पडदा, विंग, विंगेत एक पुसट आकृती आणि तिच्या हातात बॅटरी. खाली चौकटीत ओळीनं मजकूर. मुलांच्या नाटकाची गोष्ट होती. वाचणारा म्हणजे नाटकातलं एक पोर. थोड्या थोड्या वेळानं ते पोर वाक्य विसरे, मग पडद्यावर दोन-तीन वाक्यं येत आणि त्यातलं एक आपण निवडायचं. निवडलं की गोष्ट त्या अंगानं पुढे जाई.

पहिल्याच निवडीशी संभाजीराव अडकले. पुढच्या स्टेशनाकडून लाइन क्लिअर घेतल्याशिवाय गाडी सोडायची नाही, हे ज्याच्या हाडात मुरलंय, त्या माणसाला तुम्ही मनाला येईल ते बटण दाब म्हटलं तर कसं व्हायचं? त्यांनी स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारली, "शर्वरी, पयलं दाबू का दुसरं?"

"तुम्हाला जे वाटेल ते, बाबा!"

असं बेजबाबदार उत्तर त्यांना पूर्ण नोकरीत कुठल्या स्टेशनानं दिलं नव्हतं.

पण वाचता वाचता एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. हे तर पुस्तक आहे! चित्रं आहेत, मजकूर आहे, माणसं बोलतायत. पोरीनं उगाच गेम गेम म्हणून आईला पोराटोरांच्या रांगेत बसवलं. आणि नेमका त्याच दिवशी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वर्धापनदिनाच्या स्पर्धांचा निरोप आला होता. विभाग दोन, साहित्य आणि खेळ. साहित्यात पहिल्या आलेल्याचं नाव सभागृहातल्या लाकडी फलकावर रंगवलं जाई.

त्या फलकामागं एक गोष्ट होती. मालननं त्या सभागृहात गणपतीतली मुलांची नाटकं किती वर्षं प्रॉम्प्ट केली, याची कुणी नोंद ठेवली नव्हती. जयपुरात वाढलेली मराठी पोरं. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी, शाळेत इंग्रजी. त्यांना पल्लेदार मराठी वाक्यं कुठून आठवायची? वाक्य अडलं की विंगेतून मालनचा आवाज येई आणि नाटक पुढे सरके. दिग्दर्शकाचा सत्कार होई, पेटीवाल्याला नारळ मिळे, पडदा ओढणाऱ्या पोराचंही नाव माइकवरून घेतलं जाई. प्रॉम्प्टरचं नाव घ्यायचं नसतं. घेतलं तर पोरांना वाक्यं येत नव्हती हे कबूल केल्यासारखं होतं. मालनला त्याचं काही नव्हतं. संभाजीरावांना होतं, आणि ती गेल्यावर ते फार वाढलं. फलकावर एकदा तरी तिचं नाव लागावं, एवढी एकच गोष्ट त्यांना आता या शहराकडून हवी होती.

त्यांनी प्रवेशिका साहित्य विभागात पाठवली. लेखिका, कै. मालन. सहाय्य, शर्वरी.

दोन दिवसांनी साहित्य विभागाच्या रत्नमालाताईंचा फोन आला. रत्नमालाताई नागपूरच्या, रेल्वेतच अकाउंट्सला होत्या, आणि साहित्याच्या बाबतीत त्यांचा शब्द मंडळात शेवटचा होता, कारण तो त्या दुसऱ्या कुणाला उच्चारू देत नसत.

"भाऊ, मी तर मोठ्या कौतुकानं उघडलं ना. पण हे मधातच मला विचारून राहिलं, आता काय बोलू म्हणून! आता मी काय सांगू त्याला? बंदच करून टाकलं. वाचकाला विचारत बसलं तर लेखक कशाला पाहिजे? हा खेळ आहे, भाऊ. आनंदरावांकडे द्या."

आनंदराव साताऱ्याचे, फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, मिलिटरी स्टेशनजवळ राहत. मंडळाचे सगळे खेळ त्यांच्याकडे. लिंबू-चमचा असो की संगीत खुर्ची, त्यांची शिट्टी वाजल्याशिवाय लिंबूसुद्धा हलत नसे. संभाजीराव मन मारून त्यांच्याकडे गेले. खेळ म्हणून तर खेळ, निदान प्रवेश तरी मिळू दे. आनंदरावांनी लॅपटॉपसमोर ताठ बसून न थांबता बराच वेळ बटणं दाबली आणि मग मागं रेलून म्हणाले,

"मास्तर, घाम कुटाय?"

"कसला घाम?"

"खेळ म्हटल्यावर घाम याया पायजे. समोर कोण तरी पायजे. ह्यात समोर कोण हाय? मी हिकडं एकलाच, आन् ती पोरं आपली नाटक करत्यात. ह्ये वाचन हाय, मास्तर. ताईंच्याकडं द्या."

अशा रीतीनं मालनची गाडी दोन स्टेशनांच्या मध्ये उभी राहिली. दोन्हीकडचे मास्तर म्हणत, आमच्या हद्दीत नाही. संभाजीरावांना या गोष्टीचा जो संताप आला, त्याला रेल्वेचा गणवेश असता तर शोभा आली असती. आता बनियनवर तो नुसता घरात येरझाऱ्या घालत राहिला.

अशा वेळी शेजारी लागतातच. समोरच्या फ्लॅटमधले माथुरसाहेब राज्य सरकारच्या एका खात्यात जन्म काढून निवृत्त झाले होते, आणि सल्ला देताना ते चहा मागत नसत, फक्त येईपर्यंत बोलत राहत. त्यांनी सगळी हकीकत ऐकून घेतली.

"देखिए भाईसाहब, जो चीज़ दफ़्तर की समझ में न आए, उसे छपवा दीजिए. मोटी-सी किताब. छपी हुई चीज़ को कोई मना नहीं करता, क्योंकि मना करने के लिए पढ़नी पड़ती है."

हे इतकं खरं होतं, की संभाजीराव लगेच कामाला लागले. शर्वरीकडून त्यांनी गेमचा सगळा मजकूर मागून घेतला. कशाला हवा ते सांगितलं नाही, आणि तीही ऑफिसच्या घाईत होती. मग त्यांनी जेवणाच्या टेबलावर चार मोठे कागद जोडून त्या मजकुराचा यार्ड प्लॅन काढला, स्टेशनातल्या रुळांचा नकाशा काढतात तसा. मुख्य गोष्ट म्हणजे मेन लाइन. चुकीचं वाक्य निवडलं की गोष्ट लूपला जाते आणि फिरून पुढे मेन लाइनीला लागते. काही वाक्यांपाशी नुसती सायडिंग, पुढे रस्ता बंद. वाट जिथं फुटे त्या प्रत्येक सांध्याला त्यांनी नंबर दिला आणि खाली बारीक अक्षरात लिहिलं, 'हे वाक्य निवडल्यास अमुक पानावर जावे.' एकच प्रवेश तीन वेगवेगळ्या वाटांनी येत असेल तर तो तीनदा छापायचा, कारण प्रत्येक गाडीला आपापला फलाट हवा. कितीतरी महिन्यांनी त्यांना त्या कामात भूक लागल्याचं कळलं.

छपाई सी-स्कीम भागातल्या एका दुकानात झाली आणि बांधणीसाठी गठ्ठा जुन्या शहराच्या चारदीवारीत, चौडा रास्त्याच्या मागच्या गल्लीतल्या बाइंडरकडे गेला. बाइंडर सज्जन माणूस होता. गठ्ठा शिवताना त्याच्या लक्षात आलं, की बऱ्याच पानांवर तोच मजकूर पुन्हा पुन्हा आलाय. छापणाऱ्याची चूक गिऱ्हाइकाच्या माथी कशाला, म्हणून त्यानं जादाची सगळी पानं काढून टाकली आणि उरलेल्यांना सुबक लाल कापडी पुठ्ठा घातला. संभाजीराव पुस्तक घ्यायला गेले तेव्हा तो म्हणाला, "बाऊजी, आधी रद्दी थी. मैंने सेट कर दी."

यार्डातले निम्मे सांधे उखडले होते. पान सांगे तिथं जावं तर तिथं पानच नसे. एका ठिकाणी तर 'राजा कुठे आहे?' या प्रश्नाला पुढच्या पानावर 'लिंबू पिळून' असं उत्तर होतं. संभाजीराव तिथंच ओट्यावर बसले. ई-रिक्षावाले त्यांना वळसा घालून जात राहिले. पण प्रवेशिकेची मुदत संपत आली होती, तेव्हा तसंच पुस्तक काखेत मारून त्यांनी रत्नमालाताईंचं दार गाठलं.

आणि इथं माथुरसाहेबांचा सल्ला फळाला आला. रत्नमालाताईंनी पुस्तक वाचलं, म्हणजे निदान चाळलं, आणि त्यांचा फोन आला तो वेगळ्याच आवाजात.

"भाऊ, हे तर फारच निराळं लिहून ठेवलं मालननं! प्रश्न एकीकडे, उत्तर भलतीकडे. जगण्याचंच तसं आहे ना. मला तर रडूच आलं, बा. याला पहिला नंबर द्यावा लागते."

फलक संभाजीरावांच्या डोळ्यांपुढे आला. संध्याकाळी त्यांनी शर्वरी ऑफिसमधून आल्या आल्या ताईंकडून एका रात्रीपुरतं मागून आणलेलं लाल पुस्तक तिच्या हातात ठेवलं आणि बातमी सांगितली. तिनं पर्सही न उतरवता उभ्या उभ्या पानं उलटली, सुरुवातीपासून शेवटापर्यंत, आणि मग पुन्हा.

"बाबा, यात आई कुठे आहे?"

"अगं, मुखपृष्ठावर न्हाई का नाव?"

"नाव नाही. आई. आईचं एकसुद्धा वाक्य मी लिहिलेलंच नाहीये. ती फक्त ऐकू येते." तिनं पुस्तक मिटलं. "आपण काहीच निवडलं नाही, नुसतं थांबलं, तर आई विंगेतून सांगते. ती कपाटात बसून रेकॉर्ड करायची ना, साड्यांच्या मध्ये, बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून… तुम्ही चिडला होता तिच्यावर. तुम्ही गेम ऐकलाच नाही का, बाबा?"

संभाजीरावांना ते दिवस आठवत होते. औषधांनी थकलेली मालन कपाटाचं दार ओढून घेऊन आत बसायची आणि हळूच कुजबुजायची, आणि त्यांना वाटायचं, आजार डोक्यात गेला. लेकीच्या ऑफिसचं काहीतरी काम असेल म्हणून त्यांनी नंतर चौकशीही केली नाही. आणि आता त्यांनी खटपट करून, शहरभर हिंडून, मालन तेवढी वगळलेलं पुस्तक छापून आणलं होतं. प्रॉम्प्टर संहितेत नसतो, हे इतकी वर्षं तिच्याबरोबर काढून त्यांना सुचलं नव्हतं.

"मला न्हाई ऐकवत गं," ते शेवटी म्हणाले. "तिचा आवाज न्हाई ऐकवत."

शर्वरी त्यांच्याजवळ बसली. त्या रात्रीचा स्वयंपाक दोघांनी मिळून केला आणि तो दोघांनाही फारसा गेला नाही.

दुसऱ्या दिवशी संभाजीरावांनी रत्नमालाताईंकडे प्रवेशिकाच परत मागितली. पहिला नंबर आलेली कलाकृती लेखिकेचा नवरा परत मागतो, हे ताईंना अजिबात आवडलं नाही. त्यांनी आनंदरावांना फोन केला, आनंदरावांनी अध्यक्षांना, आणि बघता बघता ठरलं, की वर्धापनदिनाला सर्वांसमोर ते काय आहे ते चालवून दाखवावं आणि तिथल्या तिथं निकाल लावावा. चालवायचं कुणी? शर्वरी म्हणाली, बनवणाऱ्यानं खेळून उपयोग नाही. आनंदरावांनी हुकूमच सोडला, "मास्तर, तुमीच बसा. प्रवेशिका तुमची हाय." माथुरसाहेबही निमंत्रण नसताना आले आणि पहिल्या रांगेत बसले.

सभागृहातल्या मोठ्या पडद्यावर तोच रंगमंच उमटला, ज्याच्यावर तो पडदा टांगला होता. स्पीकर दोन्ही बाजूंना. संभाजीराव टेबलाशी बसले. शर्वरी शेजारी उभी राहिली आणि तिनं त्यांच्याकडे पाहून आवाज चालू केला.

पहिलं वाक्य अडलं. पडद्यावर तीन वाक्यं आली. संभाजीरावांनी बटणावरचा हात उचलून मांडीवर ठेवला आणि ते थांबले.

"दाबा की, मास्तर," आनंदराव कुजबुजले.

आणि मग मालनचा आवाज आला. दबका, थोडा दमलेला, पण घाईचा. "महाराज, दाराशी पाहुणे… अरे, म्हण ना. महाराज, दाराशी पाहुणे आलेत."

सभागृहात कुठंतरी खुर्ची करकरली. मागच्या रांगांमध्ये तिशी-चाळिशीची माणसं बसली होती, आता स्वतःची पोरं असलेली, त्यातल्या एका दांडग्या माणसाच्या तोंडून आपोआप निघून गेलं, "महाराज, दाराशी पाहुणे आलेत." लोक हसले. मग हसता हसता गप्प झाले.

संभाजीराव कोसळले नाहीत. त्यांना स्वतःलाच त्याचं नवल वाटलं. पुढच्या वाक्याला ते पुन्हा थांबले, त्याच्या पुढच्याला पुन्हा. मालन सांगत होती, रागावत होती, एकदा वाक्य सांगता सांगता तिला स्वतःलाच हसू फुटलं आणि शर्वरीनं ते तसंच ठेवलं होतं. एकदा ती खोकली, थांबली, आणि "हां, चल," म्हणून पुढे गेली. संभाजीराव कान देऊन ऐकत होते. पुढचं स्टेशन इतक्या दिवसांनी उत्तर देत होतं. रत्नमालाताई पदराआड नाक पुसत म्हणाल्या, "आवाज आहे, भाऊ, म्हणजे हे श्राव्य साहित्य झालं," आणि कुणी त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही.

शेवटचा प्रवेश आला. नाटक संपलं. पडदा पडला. ते पोर विंगेत येतं, तिथं बॅटरी हातात धरलेली ती आकृती एकटी उभी आहे. पडद्यावर दोन वाक्यं आली.

'परत पहिल्यापासून करू या.'

'झालं आता. तुम्ही जा, मी आवरतो.'

ही दोन्ही वाक्यं संभाजीरावांनी छापताना वाचली होती. दोन्हींचे पूर्णविराम तपासले होते आणि शेवट जरा साधा आहे, असंही त्यांना वाटलं होतं. आता ते थांबले. सगळं सभागृह त्यांच्याबरोबर थांबलं. स्पीकरमधून काही आलं नाही. वरचा पंखा फिरत होता, कुणीतरी घसा साफ केला, कुणाचं तरी बाळ कुरकुरलं आणि गप्प झालं. तरी काही आलं नाही.

शर्वरी खाली वाकली आणि अगदी हळू म्हणाली, "बाबा, इथलं राहिलं. हे रेकॉर्ड करायचं होतं तेव्हा आईला ॲडमिट केलं. इथे आई सांगणार नाही."

मालन गेली तेव्हा संभाजीराव खाली हॉस्पिटलच्या औषधाच्या दुकानात उभे होते. वर आले तोवर सगळं आवरलं होतं. पुढं काय करायचं तेही इतरांनी ठरवलं. डॉक्टरांनी, मेव्हण्यानं, मंडळाच्या लोकांनी. त्यांना कुणी काही विचारलंच नव्हतं, आणि ते बरंच झालं, असं त्यांना तेव्हा वाटलं होतं. आता पडद्यावरची ती आकृती त्यांच्याकडे तोंड करून उभी होती आणि त्यांनी काही म्हटल्याशिवाय हलणार नव्हती. त्यांनी उठून जायचं म्हटलं असतं तरी ती तशीच उभी राहिली असती. वरचं वाक्य दाबलं असतं, तर सगळं परत पहिल्यापासून सुरू झालं असतं, पाहुणे दाराशी आले असते. त्यांचं बोट त्या वाक्यावर बराच वेळ होतं. कुणीही घाई केली नाही, आनंदरावांनीसुद्धा.

मग त्यांनी दुसरं वाक्य दाबलं.

विंगेतली बॅटरी विझली. आकृती वळली आणि काळोखात गेली, आणि रिकामा रंगमंच तेवढा उरला.

टाळ्या वाजवायच्या की नाहीत, ते कुणाला कळेना. शेवटी आनंदराव उठून टेबलाशी आले. त्यांच्या हातात स्पर्धकांचा कागद होता, पण तो त्यांनी खाली धरला होता.

"कुटं लिवू, मास्तर? तुमी म्हनाल तितं."

रत्नमालाताई मागून म्हणाल्या, "साहित्यात घ्या, आनंदराव. फलकावर नाव लावू आपण तिचं. मी बोलते अध्यक्षांशी."

संभाजीरावांनी लेकीकडे पाहिलं.

"न्हाई ताई, खेळात लिवा," ते म्हणाले. "पुस्तक असतं तर ती आपली आपण गेली असती. हितं मला जा म्हनाया लागलं."

आनंदरावांनी टेबलावर कागद ठेवून खेळाच्या रकान्यात मालनचं नाव लिहिलं. शर्वरीनं बापाचा हात धरला, आणि ज्या रडण्याला संभाजीराव इतके महिने आवाज बंद करून टाळत आले होते, ते रडू त्यांना सगळ्या मंडळासमोर आलं.